परड्यातलं शिसं

माझ्या वडिलांचं कराडात हायवेच्या कडेला बॅटरीचं दुकान होतं. आम्ही मूळचे माण तालुक्यातले. तिकडचे पुरुष मुंबईला जातात तसे आबाही तरुणपणी गेले, एका गॅरेजात बॅटरीचं काम शिकले आणि लग्नानंतर काही वर्षांनी आईच्या हट्टामुळं परत आले. माणात कुणाच्या बॅटऱ्या दुरुस्त करणार? म्हणून कराड. ट्रक, एसट्या, कारखान्याचे उसाचे ट्रॅक्टर, सगळं त्या रस्त्यानं जायचं. पुढं दुकान, मागं दोन खोल्या आणि त्यांच्या मागं परडं, अशी जागा त्यांना मिळाली.

मी तेव्हा सहा वर्षांची होते. शाळा नुकतीच सुरू झालेली, म्हणून नव्या जागी बस्तान बसेपर्यंत मला माणातच आजोळी ठेवलं. बस्तान बसायला चार वर्षं लागली. दहाव्या वर्षी मी कराडला आले तेव्हा माझी बहीण तीन वर्षांची होती. ती त्याच घरात जन्मली आणि त्याच परड्यात रांगली. आम्ही तिला आजही धाकटीच म्हणतो.

परड्यात तीन दगडांची चूल होती आणि तिच्यावर लोखंडी कढई. जुनी बॅटरी आली की आबा ती फोडायचे, आतल्या प्लेटा काढायचे, आठवड्याभराच्या प्लेटा साठल्या की सोमवारी दुकान बंद ठेवून त्या वितळवायचे. शिसं वितळलं की आरशासारखं चमकायचं. त्यावर मळकट साय यायची, ती पळीनं काढून भिंतीकडं टाकायची. मग चमकतं शिसं साच्यात ओतून बॅटरीचे नवे भाग करायचे. आई संध्याकाळी परडं झाडायची, राखाडी भुकटी सुपात भरायची आणि उकिरड्यावर टाकायची. आबांचे कपडे आमच्याच कपड्यांबरोबर धुवायची.

आबा निष्काळजी नव्हते. उलट फार जपायचे. ॲसिडचे कॅन कुलपात असायचे, शेजारी खायचा सोडा आणि पाण्याची बादली. त्यांच्या पँटींना भोकंच भोकं पडलेली, ती दाखवून ते आम्हाला सांगायचे, "ॲसिडला भ्यायचं. शिसं गरीब हाय."

धाकटी माती खायची. मी आले तेव्हा हे घरातलं नेहमीचं झालं होतं. चुलीच्या कडेची, भिंतीच्या बुडातली माती बोटानं उकरून ती तोंडात घालायची. आई हातावर मारायची, तोंडात बोट घालून माती काढायची, कधी रडायची. डॉक्टर म्हणाले जंत असतील. जंताचं औषध झालं, रक्तवाढीचं औषध झालं. पोट मात्र दुखायचं ते दुखायचंच. ती उशिरा बोलायला लागली. शाळेत घातलं तर आज शिकवलेलं अक्षर उद्या तिला नवं वाटायचं. पाढा चुकला की गुरुजी तिला कान धरून उठाबशा काढायला लावायचे, आणि त्या मात्र ती न चुकता काढायची, इतर पोरं हसली की तीही हसायची. मग घरी येऊन काहीतरी फेकायची, आदळायची. आबांनी तिला किती पाट्या आणून दिल्या असतील, कोण जाणे. फोडली की दुसरी. दुपारी गिऱ्हाईक नसलं की तिला मांडीवर घेऊन ते तिचा हात धरून ग गिरवायचे. हात काळे, ग पांढरा. चौथीनंतर तिची शाळा सुटली.

"सटवीनं जे लिवलं ते लिवलं," आई म्हणायची आणि शुक्रवारचा उपास धरायची.

मी शिकत गेले. शाळेत पुढं, कॉलेजात पुढं. पाहुणे आले की एकीकडं मला बघायचे, एकीकडं धाकटीला, आणि म्हणायचे, "दोघी एकाच आईच्या, पन काय फरक गं!" मला तेव्हा त्या वाक्याचा आनंद व्हायचा. हे लिहायला जड जातंय, पण व्हायचा.

एम.एस्सी.ला कोल्हापूरला होते. धातू आणि त्यांचे शरीरावरचे परिणाम असा एक भाग होता, फार तर चार पानांचा. ग्रंथालयात बसून मी तो वाचला. लहान मुलांच्या शरीरात शिसं मोठ्यांपेक्षा जास्त मुरतं. माती खाण्याची सवय. पोटदुखी, रक्त कमी. उशिरा बोलणं. चिडचिड. शिकण्यात मागं पडणं. झालेली हानी भरून येत नाही. मी ती पानं पुन्हा वाचली नाहीत, गरज पडली नाही. पुस्तक मिटून बाहेर आले आणि पायऱ्यांवर बसून राहिले. मी आजोळी होते ती चार वर्षं मला मोजता येत होती.

त्या दिवाळीत घरी गेले तेव्हा आबांना म्हणाले, "आबा, धुरानं आईला खोकला होतोय. आता वितळवायचं बंद करा." खोकल्याचं कारण खोटं नव्हतं, पण खरंही नव्हतं. त्यांनी ऐकलं. नव्या बॅटऱ्या तशाही फोडून दुरुस्त करण्यासारख्या राहिल्या नव्हत्या, आणि पुढच्या वर्ष-दोन वर्षांत त्यांनी कढई उचलून ठेवली. धाकटी तेव्हा पंधरा वर्षांची होती. तिच्यासाठी उशीर झाला होता. मी दुसरं काही बोलले नाही. तेव्हाही नाही आणि पुढं तीस वर्षंही नाही.

सांगलीच्या एका कॉलेजात मला नोकरी लागली आणि मातीतलं शिसं हाच माझ्या कामाचा विषय झाला. लोक विचारायचे, शिसंच का? मी म्हणायचे, मोजायला सोपं असतं.

धाकटीचं लग्न केलं. आठ महिन्यांनी तिला परत आणून सोडलं, तिच्या कपड्यांच्या पिशवीसकट. त्यानंतर ती आबांपाशीच राहिली. आई गेली. वय झालं तसं आबांनी गावाच्या अंगाला छोटं घर घेतलं आणि दुकान मिरजेच्या एका तरुण बॅटरीवाल्याला चालवायला दिलं. तो, त्याची बायको आणि दोन लहान मुली मागच्या खोल्यांत राहायला आले. तो आबांना चाचा म्हणायचा. आबा रोज सकाळी दुकानात जाऊन बसायचे, त्याला काम दाखवायचे. त्यानं जुन्या बॅटऱ्या फोडून शिसं काढायला आणि विकायला पुन्हा सुरुवात केली. कढई आबांचीच होती.

हे मला ठाऊक होतं. मी दर महिन्याला कराडला जात होते.

काही वर्षांपूर्वी मला एक ईमेल आला. रसायनं, कचरा आणि प्रदूषण यांबद्दल वेगवेगळ्या देशांच्या सरकारांना शास्त्रीय सल्ला द्यायचा, म्हणून एक आंतरराष्ट्रीय काम उभं राहत होतं. जगभरातले अभ्यास गोळा करायचे, ते तपासायचे आणि काय नक्की माहीत आहे, काय नाही, हे धोरण ठरवणाऱ्यांपुढं मांडायचं. त्यातल्या एका अहवालात जुन्या बॅटऱ्यांच्या शिशावर एक प्रकरण होतं. ते लिहिणाऱ्या गटात मला घेतलं होतं.

आबांना काय आनंद झाला! दुकानात आलेल्या प्रत्येक ड्रायव्हरला ते सांगायचे, "आमची पोरगी जगातल्या सरकारांना सल्ला देती."

"कशाचा?" एकानं विचारलं. मी तिथंच उभी होते.

"रसायनांचा," आबा म्हणाले. त्यांच्या पाठीमागं दारातून परडं दिसत होतं. त्या तरुणाची लहानी, तीनेक वर्षांची असेल, कढईशेजारी बसून एक डबा उघडत होती आणि बंद करत होती.

प्रकरणासाठी आमच्या भागातली काही मोजमापं असावीत असं मी ठरवलं आणि इतर ठिकाणांबरोबर आमच्या परड्यातली मातीही घेतली. माझी बहीण बरोबर आली होती. तिनं पिशव्या धरल्या, मी खुरप्यानं माती घातली. चुलीजवळची, भिंतीकडची, दाराजवळची. प्रत्येक पिशवीचं तोंड तिनं घट्ट बांधलं आणि विचारलं, "अक्का, ह्यात काय लावायचं?"

सांगलीला येऊन मी स्वतः नमुने तयार केले, विद्यार्थ्यांना हात लावू दिला नाही. पहिल्या वेळी यंत्राची मर्यादा ओलांडली गेली. द्रावण पातळ करून पुन्हा घातलं. पुन्हा ओलांडली. तिसऱ्यांदा पातळ केलं तेव्हा कुठं आकडा मिळाला.

पुढच्या खेपेला आबांनी विचारलंच, "काय सापडलं गं मातीत?"

"थोडं शिसं आहे," मी म्हणाले. "हायवेच्या कडेला असतंच. पूर्वी पेट्रोलमध्ये शिसं घालायचे ना, गाड्यांच्या धुरातून ते मातीत उतरलंय."

पेट्रोलात शिसं असायचं हे खरं आहे. आबांनी मान डोलवली. "म्हंजे ट्रकवाल्यांनी केलं म्हनायचं," ते म्हणाले आणि हसले. मीही हसले.

आमच्या गटाची शेवटची मोठी बैठक परदेशात होती. मोठं सभागृह, आमच्याबरोबर सरकारांचे प्रतिनिधी, समोर पडदा आणि पडद्यावर आमचा मसुदा, ओळींना आकडे घातलेला. गटात पश्चिम आफ्रिकेतली एक बालरोगतज्ज्ञ होती, माझ्याच वयाची. बॅटऱ्या वितळवतात त्या वस्तीतली मुलं तिनं वर्षानुवर्षं तपासली होती. मी आकड्यांबद्दल बोलायचे, ती मुलांबद्दल.

अशा कामात शब्द ठरलेले असतात. पुरावा किती भक्कम, त्याप्रमाणं खात्रीचा शब्द. आणि एक नियम असतो: सरकारांनी काय करावं हे सांगायचं नाही. काय होतंय आणि अमुक केलं तर काय होईल, एवढंच सांगायचं. नियम चांगलाच आहे, त्यामुळं आमचं कुणीतरी ऐकून घेतं. त्या दिवशी एका वाक्यावर आम्ही जेवणानंतर बसलो ते चहापर्यंत तिथंच होतो. घराच्या अंगणात शिसं वितळवल्यानं तिथल्या मुलांच्या मेंदूच्या वाढीला कायमची इजा होते, असं ते वाक्य. एका देशाच्या प्रतिनिधीनं ‘होते’च्या जागी ‘होऊ शकते’ असं सुचवलं. त्याचं म्हणणं अगदी सभ्य होतं. गरिबी असते, आहार कमी असतो, इतर कारणं असतात. घाईनं बोलू नये. दुसऱ्या कुणी ‘काही परिस्थितींत’ घालायला सांगितलं. पडद्यावर वादातल्या शब्दांभोवती कंस उघडले, त्यांच्यात आणखी कंस.

मग त्या बालरोगतज्ज्ञ बाईनं हात वर केला. तिनं पुराव्याची यादी दिली, एकेक अभ्यास, अगदी शांतपणे. शेवटी ती म्हणाली, "सगळ्यांना हे माहीत आहे. शंका आहे म्हणून आपण हा शब्द घालत नाही. ऐकणाऱ्याला वाईट वाटू नये म्हणून घालतोय."

ती त्या प्रतिनिधीकडं बघत होती, पण मला खाली बघावं लागलं. ट्रकवाल्यांनी केलं म्हनायचं, असं म्हणून हसणारे आबा मला दिसत होते.

वाक्यात शेवटी ‘होते’च राहिलं. लोकांनी एकमेकांचे हात हातात घेतले. मी बाहेर जाऊन तोंड धुतलं.

परत आल्यावर दुसऱ्याच दिवशी कराडची एसटी धरली. दुपार होती. धाकटी गिरणीत दळण घेऊन गेली होती, आणि आबा भुईवर बसून मेथी निवडत होते. मी त्यांच्यासमोर बसले, जुडी ओढून घेतली. घरी आमची भाषा आपोआप घरची होते.

"आबा, त्या मातीचं मी तुमाला खोटं सांगितलं. त्ये पेट्रोलचं न्हाई. आपल्या कढईचं हाय."

ते पानं खुडत राहिले. "लय हाय?"

"लय हाय."

"आन धाकटी माती खायाची," ते म्हणाले. ते त्यांनी स्वतःच म्हटलं. मला म्हणावं लागलं नाही.

"व्हय."

"म्हंजे माज्यामुळं."

तीस वर्षं जे उत्तर मी टाळत होते ते समोर आलं, आणि तेव्हाही माझ्या तोंडून आधी शास्त्रच निघालं. "एका माणसाचं खात्रीनं सांगता येत न्हाई, आबा. दुसरी कारणं बी असतात."

"तुला काय वाटतं ते सांग."

"मला तसंच वाटतं."

त्यांनी हातातली काडी खाली ठेवली. बाहेर कुणीतरी मोटर सुरू केली, पाणी पडायला लागलं.

"तू कवापास्नं जाणतीस?"

"एम.एस्सी.ला हुते तवापास्नं."

"तवा तुजी आई हुती."

"व्हय."

"तिला बोललीस?"

"न्हाई."

"बरं केलंस," आबा म्हणाले. "ती देवाला बोल लावत गेली. त्येवढं बरं झालं."

मी म्हणाले, "आबा, तुमाला ठावं न्हवतं. कुणालाच ठावं न्हवतं."

"तसं कसं? पुस्तकात हुतं म्हंतीस की." ते रागानं बोलले नाहीत, त्यांना खरंच समजून घ्यायचं होतं. "लिवणाऱ्याला ठावं हुतं. मग आमच्यापत्तुर का न्हाई आलं?"

पुस्तकातलं तिथवर पोचवू शकणारी मीच होते.

धाकटी दळण घेऊन आली. आबांनी उठून तिच्या डोक्यावरचा डबा उतरवून घेतला. एरवी ते तसं करत नसत.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते मला घेऊन दुकानात गेले आणि त्या तरुणाला म्हणाले, "हितं आता वितळवायचं बंद कर. आन पोरींस्नी ह्या जागंत ठिवू नको."

त्याला आधी चेष्टा वाटली. मग मी सगळं सांगितलं. तो ऐकत होता आणि त्याचा चेहरा बदलत गेला. "चाचा, तुमीच शिकवलं मला," तो म्हणाला. "ही कढई तुमची. तुमी इतकी वर्सं केलं, तुमाला काय झालं? आन आता मला सांगताय पोरी बाहेर काढ?"

"मला न्हाई झालं," आबा म्हणाले. "माज्या पोरीला झालं."

दाराच्या आड त्याची बायको उभी होती. ती बाहेर आली, तिनं आबांना काही विचारलं नाही, मला विचारलं. "तपासता येतं का?" मी हो म्हणाले. "कुठं? कधी?" रक्त देऊन सांगलीला तपासणी झाली. थोरलीचं शिसं जास्त होतं आणि लहानीचं फारच जास्त. मी तिला फोनवर सांगितलं. त्याच आठवड्यात ती दोघींना घेऊन मिरजेला माहेरी निघून गेली. नवरा महिनाभर आबांशी बोलला नाही. मग एक दिवस त्यानं कढई भंगारात घातली आणि जुन्या बॅटऱ्या न फोडता कंपनीच्या माणसाला परत द्यायला सुरुवात केली. आबांना त्यानं निरोप धाडला, पण आबा तोवर दुकानात जायचे बंद झाले होते.

ते घरातच बसायचे. हात धुवायचे. जेवायला बसायच्या आधी, जेवल्यावर, मध्येच उठून. धाकटीनं वाढलेलं त्यांच्या घशाखाली उतरेना. ती खोलीत आली की ते उठून उभे राहायचे, मोठं माणूस आल्यासारखे. तिच्यासाठी काही ना काही आणायचे, पेढे, बांगड्या, एकदा तर पावसाळा नसताना छत्री. पण तिच्याशी बोलणं कमी झालं. तिनं मला फोनवर विचारलं, "अक्का, आबा माज्यावर रागावल्यात व्हय? मी काय केलं?"

"तू काय न्हाई केलं गं."

"मग बोलत का न्हाईत?"

मी आबांना म्हणाले, तिच्याशी बोला. त्यानंतरच्या रविवारी मी तिथंच होते. ती पोळ्या लाटत होती. आबा जाऊन तिच्यासमोर उभे राहिले आणि म्हणाले, "माजं चुकलं."

"काय चुकलं?" तिनं लाटणं न थांबवता विचारलं.

"लय मोठं चुकलं. तू ल्हान हुतीस तवा."

ती हसली. "चुकलं तर मग उठाबशा काढा."

मी काही बोलायच्या आत आबांनी दोन्ही कान धरले. ऐंशीला टेकलेला माणूस. भिंतीला पाठ लावून ते खाली वाकले, अर्धेच, आणि वर आले. पुन्हा वाकले. धाकटी टाळ्या वाजवायला लागली, "एक! दोन!" मग तिला त्यांचा चेहरा दिसला. तिच्या टाळ्या थांबल्या. पिठाच्या हातांनी तिनं त्यांचे हात कानांवरून सोडवले आणि म्हणाली, "बास बास, पडाल. झालं माफ." आबा तिथंच खाली बसले आणि तिच्या पदरात तोंड घालून रडले. ती त्यांच्या पाठीवरून हात फिरवत माझ्याकडं बघत होती. हे काय चाललंय, असं विचारत होती. तिला सांगावं असं मला त्या क्षणी फार वाटलं. सांगितलं नाही. तिला कळलं असतं की नाही, हे मला माहीत नाही. मी अजूनही सांगितलेलं नाही.

त्यानंतर आबा तिच्याशी बोलायला लागले, पण तब्येत उतरत गेली. वर्ष पुरं व्हायच्या आत ते झोपेतच गेले. मातीला बरीच माणसं आली, जुने ड्रायव्हरही होते. "हातात काय कसब हुतं," असं ते म्हणत होते.

मी त्यांना सांगायला हवं होतं का? हे मी स्वतःला रोज नाही, पण पुष्कळदा विचारते. सांगितलं नसतं तर ते आणखी काही वर्षं खुर्ची टाकून दुकानात बसले असते, ट्रकवाल्यांना माझं कौतुक सांगितलं असतं, धाकटीच्या हातचं जेवले असते. त्या मिरजेच्या पोरी मात्र परड्यातच राहिल्या असत्या. त्यांच्यासाठी सांगायचं होतं तर ते दुकानातच सांगता आलं असतं. आबांना मेथी निवडताना सांगायची गरज नव्हती. कधी वाटतं, मी त्यांना खरं सांगितलं ते माझं ओझं उतरावं म्हणून. कधी वाटतं, तीस वर्षांपूर्वी सांगितलं असतं तर त्यांनी स्वतःच दहा बॅटरीवाल्यांना जाऊन सांगितलं असतं. माझ्यापेक्षा त्यांचं ऐकलं असतं लोकांनी. हायवेवर त्यांच्या शब्दाला मान होता. हे दुसरं मला जास्त छळतं.

अहवाल तयार झाला. आमचं वाक्य त्यात आहे. परदेशातून मला पुढच्या कामासाठी विचारणा झाली, आणि मी हो म्हणाले. त्यांना मी एकच विनंती केली, की आमच्या प्रकरणाचा गाभा दुकानदाराला कळेल अशा भाषेत काढावा, आणि मराठीचं काम मी करते. करते आहे. ‘शिसं’ हा शब्द सोपा आहे. पुढचं वाक्य अवघड जातं. घाबरवायचं नाही, दोष द्यायचा नाही आणि तरी लपवायचं नाही, असं वाक्य मला अजून जमलेलं नाही. दहा-बारा खर्डे फाडले.

धाकटी आता सांगलीत माझ्याकडं असते. तिच्या मूत्रपिंडाचं काम मंदावलंय. डॉक्टर म्हणतात कारणं बरीच असू शकतात. त्यांना मी जुनं सगळं सांगितलं, त्यांनी कागदावर लिहून घेतलं.

मागच्या महिन्यात तिच्या रक्ताचा रिपोर्ट आणायला आम्ही गेलो तर तिथं बाकावर मिरजेची ती बाई दोन्ही मुलींना घेऊन बसली होती. त्यांचीही पुन्हा तपासणी होती. आम्ही शेजारी बसलो. आधी त्यांचं नाव पुकारलं. शिसं उतरलं होतं, थोरलीचं बरंच, लहानीचं थोडं. तिनं कागद माझ्याकडून दोनदा वाचून घेतला. "झालेलं भरून येईल का, मॅडम?" तिनं हळूच विचारलं.

"सगळं नाही सांगता येत," मी म्हणाले. "पण तुम्ही लवकर बाहेर काढलंत. ते फार बरं झालं."

तिनं मान हलवली. मग धाकटीचं नाव आलं. माझ्या बहिणीचं. मी कागद घेऊन पाहिला, घडी घालून पर्समध्ये ठेवला.

"बरं हाय का माजं?" तिनं विचारलं.

लहानी तिच्या मांडीवर जाऊन बसली होती आणि तिच्या बांगड्या वरखाली सरकवत मोजत होती.

"अजून औषध घ्यावं लागंल," मी म्हणाले. ती म्हणाली, "घीन की," आणि मुलीला बांगड्या मोजायला सोपं जावं म्हणून तिनं हात पुढं केला.